पाणीपुरवठा विभागाची पतेती

"ताई, मला पगार नको," उखर्डू म्हणाला. "तो परस्पर घराच्या पैशांत टाकून द्या. माझ्या हातात देऊच नका."

त्याच्या हातात नगरपरिषदेची नोटीस होती. नगरपरिषदेनेच ती आपल्या कर्मचाऱ्याला पाठवली होती, आणि ती घेऊन तो नगरपरिषदेतच आला होता.

मी तेव्हा चिंचवेल नगरपरिषदेत आस्थापना लिपिक होते. उखर्डू कोळी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं आणि कधी बंद करायचं, हे त्याचं काम. नगरपरिषदेने सफाई आणि पाणीपुरवठ्याच्या लोकांसाठी स्टेशन रोडला एक चाळ बांधली होती. तिच्यात उखर्डूला खोली लागली होती. मात्र लाभार्थी हिस्सा ऑगस्टअखेर भरायचा होता. नाही भरला तर खोली प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. हा पुढचा माणूस म्हणजे आरोग्य विभागातला एक मुकादम. तो रोज संध्याकाळी चाळीवर जाऊन उखर्डूच्या खोलीच्या खिडक्या उघडझाप करून बघायचा.

उखर्डू बायकोमुलांसह पंपहाउसात राहत होता. तिथे राहायची परवानगी त्याला कोणी दिलेली नव्हती आणि कोणी नाकारलेलीही नव्हती. पण नवे मुख्याधिकारी आले आणि त्यांनी एक तारखेपर्यंत पंपहाउस रिकामं करायचा हुकूम काढला. म्हणजे हिस्सा भरला तर खोली, आणि नाही भरला तर रस्ता.

आणि मे महिन्यापासून आमच्यापैकी कोणाचाही पगार झाला नव्हता. शासनाचं अनुदान आलं नव्हतं.

मी उखर्डूला घेऊन लेखापाल नेरकरांकडे गेले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. ते टेबलावर एकही सुटा कागद ठेवत नसत आणि बोलतानाही एकही सुटा शब्द ठेवत नसत.

"भाऊसाहेब, याचा थकलेला पगार याच्या हिश्श्यात वळता करता येईल का?"

"पगार कुठं आहे?"

"नाहीये. पण द्यायचा तर आहे ना?"

"द्यायचा आहे म्हणजे नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आणि असता तरी पगाराचं लेखाशीर्ष वेगळं, घरकुलाचं वेगळं. एका लेखाशीर्षातला पैसा दुसऱ्यात जात नाही."

"पण भाऊसाहेब," उखर्डू म्हणाला, "नगरपरिषद तर एकच आहे ना?"

"इमारत एक आहे," नेरकर म्हणाले.

नेरकरांचा एक स्वभाव मला ठाऊक होता. विचारल्याशिवाय ते काही सांगत नसत, पण नेमकं विचारलं की लपवतही नसत. मी नेमकं विचारलं. "आज कुठल्या लेखाशीर्षात पैसे आहेत?"

"वृक्षलागवड," ते म्हणाले. "शहर सौंदर्यीकरण. सण अग्रिम."

"सण अग्रिमात कसे काय?"

"मागच्या दिवाळीला दिलेला अग्रिम पगारातून कापून घेतला. तो तिथं जमा आहे."

"म्हणजे आमचेच पैसे," उखर्डू म्हणाला.

"कापून घेईपर्यंत तुमचे."

"मग आता द्या ना त्यातून."

"सण दाखवा, देतो. ठरावाच्या यादीतला पाहिजे. सणाच्या आधी द्यायचा, वर्षातून एकदाच."

उखर्डूने बोटांवर मोजत सण काढायला सुरुवात केली. पोळा? यादीत नाही. राखी? नाही. गणपती? "गणपती यादीत नाही हे मला स्वतःलाही लागतं," नेरकर म्हणाले, "पण नाही." मग त्यांनी डोळे मिटून यादी म्हणून दाखवली. दिवाळी, रमजान ईद, नाताळ, आंबेडकर जयंती, संवत्सरी, पारशी नववर्ष. शेवटचा सण यादीत कसा आला हेही त्यांनी सांगितलं. फार पूर्वी आमच्याकडे एक पारशी ओव्हरसिअर होते. ते निवृत्त झाले, वारले. त्यांचा सण काढायचा ठराव मात्र कोणी मांडला नाही.

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पारशी नववर्ष पुढच्याच आठवड्यात, गुरुवारी होतं. अग्रिम मिळाला तर उखर्डूचा हिस्सा भागणार होता.

"भाऊसाहेब, ठरावात धर्माची अट आहे?"

नेरकरांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी जरा जास्त वेळ. "नाही. 'कर्मचारी साजरा करीत असलेल्या सणासाठी', एवढंच आहे."

मी उखर्डूकडे वळले. "तुम्ही पतेती करता का?"

"ते काय असतं?"

"सण."

"कोणाचा?"

"पारशी लोकांचा."

उखर्डूने क्षणभर नोटिशीकडे बघितलं. "यंदापासून करतो," तो म्हणाला.

त्याचा अर्ज मीच लिहून दिला. 'पतेती सण साजरा करणेकामी अग्रिम मिळणेबाबत.' त्याने खाली सही केली आणि सही सुकावी म्हणून कागदावर फुंकर मारत बाहेर गेला. तिथेच चूक झाली. तो कागद त्याने जिन्यात तिघांना वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत सगळा पाणीपुरवठा विभाग माझ्या टेबलासमोर होता. दुपारी सफाईवाले आले. मग जन्ममृत्यूचा कारकून आला. तो म्हणाला, "आमच्या घरी लहानपणापासून पतेतीचं वातावरण आहे." फिटर सलीम तडवीने मला बाजूला घेतलं.

"ताई, मी यंदा ईदचा घेऊन बसलोय. ती ईद परत करून पतेती घेता येईल का?"

"झालेली ईद परत कशी करणार, सलीमभाई?"

"तेच म्हटलं, तुम्हाला काही माहीत असेल तर."

सगळ्यांना पुरतील एवढे पैसे त्या लेखाशीर्षात नव्हते. आधी अर्ज त्याला आधी, असा नियम होता आणि उखर्डूचा अर्ज पहिला होता. त्यामुळे मी निर्धास्त होते. संध्याकाळी मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं.

मुख्याधिकारी किंजवडेकर कोकणातले, वयाने तरुण, पहिलीच नेमणूक. एकटेच विश्रामगृहात राहत. कमी बोलत. त्यांच्यापुढे अर्जांचा गठ्ठा होता.

"भारंबेबाई, या गावात पारशी किती?"

"एक, साहेब."

"आणि अर्ज?"

त्यांनी गठ्ठा हातात तोलून बघितला, जणू तो वजनावर विकायचा होता.

"ठराव वाचला मी," ते म्हणाले. "साजरा करीत असलेल्या सणासाठी, असं आहे. म्हणजे साजरा होतो की नाही एवढंच बघायचं. बरोबर?"

"बरोबर, साहेब."

त्यांनी वरच्या अर्जावर शेरा लिहिला आणि मला वाचायला दिला. 'पतेतीच्या दिवशी सण प्रत्यक्ष साजरा होत असल्याची समक्ष खातरजमा करून निर्णय घेण्यात येईल.'

"मी स्वतः येतो," ते म्हणाले. "आदेश तयार ठेवा. तुम्ही या, लेखापालांनाही आणा. कुठं साजरा करताय ते कळवा."

मी बाहेर आले तेव्हा जिन्यात शांतता होती. शेरा माझ्या आधी बाहेर पोचला होता. कचेरी सुटेपर्यंत बहुतेकांनी आपापले अर्ज परत नेले. जन्ममृत्यूच्या कारकुनाच्या घरचं वातावरण बदललं. पाणीपुरवठ्याची माणसं तेवढी राहिली. उखर्डू मागे हटत नव्हता आणि त्याला एकटं टाकून जाणं त्यांना बरं दिसेना. सलीमला तर काहीच मिळणार नव्हतं, तरी तो म्हणाला, "मांडव घालायला माणूस लागेलच ना."

गावातला एक पारशी म्हणजे फ्रेनीबाई मिस्त्री. बंद पडलेल्या जिनिंग प्रेसच्या मॅनेजरची विधवा. प्रेसच्या आवारातल्या बंगल्यात एकटी राहायची. वय ऐंशीच्या पुढे, पण पाण्याची तक्रार द्यायला ती स्वतः चालत कचेरीत यायची. सगळ्या गावात उखर्डू फक्त तिला घाबरायचा.

"ताई, तुम्ही पुढं व्हा," फाटकाशी तो म्हणाला. "मला बघून ती पाण्याचंच काढेल."

तिने पाण्याचंच काढलं. "काय रे उखर्ड्या, आज वाट चुकला? पहाटे चारला पाणी सोडतो, पाचला बंद करतो. मी काय घुबड आहे?"

मी सगळं सांगितलं. खोली, पगार, यादी, साहेब. काहीही न गाळता. फ्रेनीबाई ऐकत होती आणि मधूनमधून उखर्डूकडे अशी बघत होती की जणू तो नळाला लागलेली गळती आहे.

"म्हणजे तू माझा सण करणार?"

"करतो बाई. काय काय करायचं ते सांगा फक्त. चूक नाही होऊ देणार."

"आणि पैसे मिळाले की सोडून देणार?"

उखर्डूला खोटं बोलायचं होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. पण ते जमलं नाही. "बाई, पुढच्या वर्षी पगार वेळेवर झाला तर कशाला तुम्हाला त्रास," तो म्हणाला.

फ्रेनीबाई हसली. बराच वेळ हसली. मग म्हणाली, "ठीक आहे. तुमच्या पंपहाउसात नाही करायचं. इथं करायचं, माझ्या ओसरीवर. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून या. उंबऱ्यावर रांगोळी काढायची, दाराला फुलांचं तोरण बांधायचं. आमचा गोड रवा आणि शेव-दही मी करते. मासे करणार होते, पण तुमच्यात माळकरी असतील."

"दोन आहेत," उखर्डू म्हणाला.

"मग अर्धे मासे करते."

"आणि पतेती कधी, बाई?" मी विचारलं.

"बुधवारी. सकाळी नऊला."

कॅलेंडरात गुरुवार होता. पण तिचा सण तिला जास्त कळणार, कॅलेंडर छापणाऱ्याला काय कळणार, असं आम्ही ठरवलं. साहेबांना बुधवार कळवला.

बुधवारी मी पोचले तेव्हा पाणीपुरवठा विभाग ओसरीवर ओळीने उभा होता. सगळ्यांचे भांग एकाच बाटलीतल्या तेलाने पाडलेले दिसत होते. उखर्डूने कुठून तरी काळी टोपी मिळवून घातली होती. फ्रेनीबाईने बाहेर येऊन ती आधी काढायला लावली. "तू तुझ्या डोक्यानं ये," ती म्हणाली, "उसन्या टोपीनं नको." उखर्डूची बायको मैनाबाई उंबऱ्यावर रांगोळी काढत होती. तिने मोर काढला होता. फ्रेनीबाईने सांगितलं, आमच्यात मासे काढतात. तेव्हा मैनाबाईने मोराच्या चोचीत एक मासा दिला आणि विषय संपवला. सलीम शिडीवर चढून तोरण बांधत होता.

नेरकर आले, कडेला उभे राहिले आणि सगळ्या मांडणीकडे लेखापरीक्षकाच्या नजरेने बघू लागले.

नऊ वाजता साहेब आले. शर्टाच्या खिशात घडी केलेला आदेश दिसत होता. ते तयारी करून आले असावेत, कारण फ्रेनीबाईसमोर थोडे वाकून ते म्हणाले, "साल मुबारक, बाई."

"उद्या म्हण," फ्रेनीबाई म्हणाली. "ये भाऊ, बठ."

साहेबांना 'बठ' कळलं नाही, म्हणून उखर्डूने खुर्ची पुढे केली. पण 'उद्या' हा शब्द सगळ्यांना कळला होता.

"आज पतेती आहे ना?" साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"आज पतेतीच आहे," फ्रेनीबाई म्हणाली. "वर्षाचा शेवटचा दिवस. नवं वर्ष उद्या. सगळे लोक दोन्हीला पतेतीच म्हणतात. मी सांगायचं सोडून दिलं."

"मग आज काय करतात?"

"पतेत म्हणजे पश्चात्ताप. वर्षभर काय चुकलं ते आज देवापुढं कबूल करायचं, मग उद्या नवे कपडे." तिने ओळीवर नजर फिरवली. "माझी प्रार्थना झाली पहाटे, ती माझी मी केली. तुम्ही साजरा करायला आलात ना? मग तुमचं तुम्ही कबूल करा. त्याशिवाय रवा मिळणार नाही."

कोणी हलेना. पाणीपुरवठा विभाग मांडव घालायला, वाढायला, अगदी नाचायलाही तयार होऊन आला होता. कबुलीचं कोणी सांगितलं नव्हतं. आणि समोर मुख्याधिकारी बसले होते.

"साहेब बघताहेत साजरा होतोय का ते," फ्रेनीबाई म्हणाली. "बरं, मी सुरू करते. उखर्ड्या, माझ्या नळाला मोटर आहे. थेट लाइनला लावलेली. आठ-दहा वर्षं झाली. शेजाऱ्यांचं पाणी मी ओढते."

"माहीत आहे बाई," उखर्डू म्हणाला.

"माहीत आहे? मग बोलला का नाहीस कधी?"

"तुम्ही पाण्यावरून इतकं बोलायच्या, मला बोलायला जागा कुठं होती?"

साहेबांनी हातरुमाल तोंडावर धरला. ते हसत होते की रागावले होते, हे कळायला मार्ग नव्हता. पण ओळीतला ताण थोडा सैल झाला. उखर्डू एक पाऊल पुढे आला.

"मी पंपहाउसात राहतो, साहेब. परवानगी नाही. वीज नगरपरिषदेची जळते. मैना तिथं स्वयंपाक करते, तोही हिटरवर. आणि पारशी सण मी कधीच केला नव्हता. खोलीसाठी करतोय. रवा नाही दिला तरी चालेल."

"तुला दोन वाट्या," फ्रेनीबाई म्हणाली.

मग एकेक जण पुढे आला. एकाने सांगितलं, तो नगरसेवकांच्या गल्लीत पाणी जास्त वेळ सोडतो. दुसऱ्याने सांगितलं, तो नगरसेवकांच्या गल्लीत मुद्दाम कमी सोडतो. त्यावर दोघांची जुंपली, कारण नगरसेवक एकच होते आणि दोघांच्या पाळ्या आलटून-पालटून येत. सलीम शिडीवरूनच म्हणाला की त्याने या महिन्यात दोन गळत्या बुजवल्या म्हणून लिहिलं, पण बुजवली एकच. "दुसरी आज बुजवतो," तो म्हणाला. "खाली उतरलो की."

माझ्यावर पाळी येण्याच्या आत फ्रेनीबाईने वाटी घेऊन नेरकरांकडे मोर्चा वळवला.

"तू हिशोबवाला ना?"

"लेखापाल."

"माझा नवरा पण हिशोब बघायचा. पतेतीला काही पोटात ठेवलं असलं की त्याला रवा गिळवायचा नाही. घे."

नेरकरांनी चमचाभर रवा तोंडात घातला. आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी तो गिळला नाही. वाटी खाली ठेवली, रुमालाने ओठ पुसले आणि मग कोणाकडे न बघता बोलायला लागले.

"माझं काही चुकलेलं नाही. पण एक बाब नोंदवून ठेवतो. अनुदान आलेलं आहे."

कोणाला काही समजलं नाही. साहेब पुढे सरकले. "कुठलं अनुदान?"

"पगाराचं. असावं. नागपंचमीच्या आधी आलं."

"असावं म्हणजे?"

"पत्रात रक्कम आहे, नगरपरिषदेचं नाव आहे. लेखाशीर्ष लिहायचं राहिलंय. लेखाशीर्ष नसलेली रक्कम कशासाठी आहे हे मी कसं ठरवणार? ती उचंत खात्यात टाकली. ज्याचा ठिकाणा लागत नाही ते सगळं उचंतमध्ये जातं, तशी पद्धत आहे. वर खुलासा मागवलाय."

"खुलासा आला?"

"साध्या टपालानं मागवलाय."

उखर्डूने मैनाबाईकडे बघितलं. मैनाबाईने रांगोळीची वाटी हळूच खाली ठेवली. त्यांच्या वस्तीवरचा किराणावाला महिनाभरापासून उधार द्यायचा बंद झाला होता. आणि पैसे इतके दिवस इमारतीतच होते, फक्त वेगळ्या कप्प्यात.

"भाऊसाहेब," साहेबांचा आवाज चढला, "मी रोज कचेरीत बसतो. मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलंय, साहेब. रोजच्या जमाखर्चाच्या कीर्दीवर नोंद आहे. त्या दिवशीच्या कीर्दीवर आपली सही आहे."

साहेबांनी फ्रेनीबाईकडे बघितलं.

"मग माझंही धरा," ते म्हणाले. "मी कीर्द वाचत नाही. नेरकर चुकत नाहीत असं सगळे म्हणतात, म्हणून नुसती सही करतो."

"अजून काही?" फ्रेनीबाईने विचारलं. वाटी अजून तिच्याच हातात होती.

साहेबांनी घसा साफ केला. "माझाही पगार झालेला नाही. मेपासून. विश्रामगृहाचा खानसामा आता माझ्या आधी पाहुण्यांना वाढतो." त्यांनी खिशातला आदेश चाचपला. "मी स्वतः या अग्रिमासाठी अर्ज करणार होतो. स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करताना उद्या कोणी बोट दाखवू नये, म्हणून आधी नीट खातरजमा करून घ्यावी म्हटलं."

सगळ्यात आधी मैनाबाई हसली. मग सलीम शिडीवर हसला, त्याचा तोल गेला आणि तो तोरणाला धरून खाली आला. मग नेरकर सोडून सगळे. फ्रेनीबाईने साहेबांच्या हातात वाटी दिली आणि वर शेव घातली.

साहेबांनी रवा खाल्ला, वाटी संपवली आणि खिशातून पेन काढलं.

"भाऊसाहेब, ती रक्कम पगाराची आहे, असं मी माझ्या जबाबदारीवर लिहून देतो. खुलासा आला की जोडा. पगार कधी होईल?"

"लिहून दिलंत तर शनिवारी," नेरकर म्हणाले. ते आता रवा खात होते.

पण मैनाबाई पुढे आली. तिचं गणित झालं होतं. "साहेब, शनिवारी पगार झाला की दारात किराणावाला, दूधवाला आणि उधारीला जामीन राहिलेला माझा दीर उभे राहणार. खोलीला काय उरणार?"

साहेबांनी खिशातला आदेश काढला. उखर्डूचं नाव वरच होतं. नेरकरांनी वाटी खाली ठेवली.

"अग्रिम देता येणार नाही, साहेब. सणाच्या आधी द्यायचा असतो. सण सुरू झालेला आहे. आपण त्यातच बसलो आहोत."

उखर्डूचे हात आदेश घ्यायला पुढे आले होते, ते तसेच राहिले. मला ठराव तोंडपाठ नव्हता. तोंडपाठ असलेला माणूस आमच्यात एकच होता, म्हणून मी त्यालाच विचारलं. "भाऊसाहेब, ठरावात सणाचं नाव नेमकं काय आहे?"

नेरकरांनी डोळे मिटले. "पारशी नववर्ष."

"ते उद्या आहे," फ्रेनीबाई म्हणाली. "सकाळपासून तेच सांगतेय ना मी?"

नेरकरांचे डोळे बराच वेळ मिटलेलेच होते. उघडले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. पराभवाचं नव्हे, हिशोब जुळल्याचं. "मग आज बारापर्यंत चेक निघाला पाहिजे," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले. "उद्या देता येणार नाही."

साहेबांनी फ्रेनीबाईच्या ओसरीवर, खुर्चीच्या हातावर आदेश ठेवून सही केली. सही करण्याआधी तो दोनदा वाचला. बाकीच्या लोकांचेही आदेश झाले. साहेबांनी स्वतःसाठी अर्ज केला नाही. फ्रेनीबाईने त्यांना मासे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, आणि माळकऱ्यांचे अर्धे मासेही त्यांच्याच पानात गेले. सलीमने दुपारी दुसरी गळती बुजवली.

उखर्डूने हिस्सा शुक्रवारीच भरला. मुकादम त्या संध्याकाळीही खिडक्या बघायला गेला होता. त्याला आतून मैनाबाईने चहा विचारला म्हणतात.

महिनाभराने माझ्याकडे त्या चाळीतून एक तक्रार अर्ज आला. 'खोलीधारक श्री. उखर्डू कोळी यांचे कुटुंब दिवसभर आपसात भांडते. आरडाओरड्याने चाळीतील लोकांस त्रास होतो. समज द्यावी.' सह्या सगळ्या शेजाऱ्यांच्या होत्या.

मला वाईट वाटलं. पगारही झाला, खोलीही मिळाली, आणि आता घरात भांडणं? समज द्यायला कोणाला पाठवावं असं वाटेना, म्हणून मीच गेले. लांबूनच आवाज येत होता. दार उघडं होतं. एका बाजूला उखर्डू, दुसऱ्या बाजूला मैनाबाई, मध्ये तिन्ही मुलं. खोली अशी की हात लांब केला तर पलीकडच्या भिंतीला लागावा.

"मीठ कमी आहे का?" मैनाबाई ओरडत होती.

"बरोबर आहे!" उखर्डू ओरडला.

"अजून घे ना मग!"

"पोट भरलं!"

मुलगी ओरडून पाढे म्हणत होती. धाकटा ओरडून पाणी मागत होता. कोणीही रागावलेलं नव्हतं. एवढी वर्षं ही माणसं दोन पंपांच्या मध्ये बसून जेवली होती, तिथेच ती मुलं बोलायला शिकली होती. पंप मागे राहिले होते, पण ते कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

शेजारी आपापल्या दारात येऊन मी काय समज देते ते बघत उभे होते. अर्ज माझ्या पर्समध्ये होता. मैनाबाईला मी दिसले.

"ताई!" तिने चाळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत जाईल अशी हाक मारली. "आमच्या घरी चहा घेणार का?"

"घेणार!" मी तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, आणि आत जाऊन बसले.